माशीचा वाटा

"झालं का मावशी? आत काही राहिलं नाही ना?" पूजा मॅडमने खालून विचारलं.

मनकर्णा शिडीच्या सातव्या पायरीवर उभी होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भिंतीत होता. दूध संकलन केंद्राच्या मागच्या खोलीत दारावर कधीकाळी पंखा बसवलेला होता. पंखा गेला, भोकावर कुणीतरी बाहेरून फळी ठोकली आणि त्या अंधाऱ्या कोनाड्यात सातेरी माश्यांनी एकामागे एक सहा पोळी बांधली. त्यातली पाच मनकर्णाने सकाळपासून अलगद कापली, लाकडी चौकटीत दोऱ्याने बांधली आणि मधपेटीत उभी केली. राणीमाशीही सापडली. ती पेटीत गेली तशा बाकीच्या माश्या नवरीमागच्या वऱ्हाडासारख्या आत शिरल्या. सगळं कसं बैजवार झालं होतं. सहावं पोळंही निघालं होतं, फक्त विटेच्या मागे चिकटलेला त्याचा तळहाताएवढा तुकडा राहिला होता.

पटाशी, म्हणजे पोळं खरवडायची चपटी लोखंडी पट्टी, त्या तुकड्याला टेकली होती. जरा जोर दिला की काम संपलं असतं. मनकर्णाने पटाशी मागे घेतली.

"न्हाई म्याडम, काय न्हाई राह्यलं. समदं साफ हाय."

पूजा वाकचौरे ही माश्या न मारता हलवायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणवर्गाची शिक्षिका आणि परीक्षकही. वय तिशीच्या आतबाहेर, शेतकीची पदवी, आणि माश्यांशी बोलावं तसं माणसांशीही हळू बोलायची सवय. ती शिडी चढून वर आली, बॅटरीचा उजेड टाकून आत डोकावली. तुकडा विटेच्या आड होता. तिला दिसला नाही.

"छान काम केलंत," असं म्हणत तिने कागदावर बरोबरची खूण केली. "आता फक्त पंधरा दिवस वाट बघायची. इथं माशी परत आली नाही की तुमचा परवाना पक्का."

मनकर्णा काही खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. नवऱ्याने "आज भाजीत तेल कमी घातलंस ना?" असं विचारलं की "व्हय" म्हणायचं, एवढ्यावर तिची ती हौस भागायची. त्यामुळे शिडी उतरताना तिला खालची पायरी सापडेना. पण आत कुठेतरी बरंही वाटत होतं. बापाने शिकवलेलं तिने मोडलं नव्हतं.

संगमनेरात सुयोग पार्क नावाची चार मजली सोसायटी आहे. तिचे जिने, गच्ची आणि पार्किंग मनकर्णा गेली अकरा वर्षं झाडते. वय एक्कावन्न, शिक्षण चौथी, आणि आवाज असा की तळमजल्यावरून हाक मारली की चौथ्या मजल्यावरचा माणूस कचऱ्याची बादली घेऊन बाहेर येतो. गेल्या वर्षी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलं. लोक घाबरले, फवारणीवाला आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा कामावर आली तेव्हा पार्किंगभर माश्यांचा सडा पडलेला. काही अजून जिवंत होत्या, उलट्या पडून पाय हलवत होत्या. तिचा हात झाडूला लागेना. पण झाडणं हेच तर तिचं काम. साडेतीन घमेली भरली. त्या दिवशी ती घरी जाऊन जेवली नाही आणि का जेवली नाही ते नवऱ्याला तिला धड सांगताही आलं नाही.

मनकर्णाचं माहेर अकोले तालुक्याच्या डोंगरात, भात पिकवणाऱ्या लहानशा गावात. तिचा बाप सावळेराम कड्यावरचा आणि झाडांच्या ढोलीतला मध काढायचा. तो वर चढला की खाली ओल्या पाल्याचा धूर धरायचं काम मनकर्णाचं. नवव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत तिने तो धूर धरला. धूर किती, कुठल्या बाजूने, माशीचा आवाज बदलला म्हणजे ती काय म्हणते आहे, हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तिला ते नुसतं कळायचं. लग्न होऊन संगमनेरला आल्यावर मात्र त्या कळण्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

या वर्षी संक्रांत झाली आणि सोसायटीच्या मीटरच्या खोलीत, विजेच्या मोठ्या पेटीमागे, सातेरी माशी येऊन बसली. मनकर्णा लगेच सेक्रेटरींकडे गेली. सेक्रेटरी म्हणजे ज्ञानेश्वर कवडे सर, निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली तरी त्यांच्यातली शाळा सुटली नव्हती.

"सर, मी काडते त्या माश्या. एक बी न मारता."

"परवाना आहे का तुझ्याकडे?"

"माशीचा बी परवाना असतो व्हय?"

"आता असतो." सरांनी सोसायटीच्या फळ्यावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. इमारतीतल्या माश्यांना परवाना असलेल्या माणसानेच हात लावावा, असा नवा नियम त्यावर होता. "उद्या तू शिडीवरून पडलीस तर लोक मला धरतील. सात दिवसांचा वर्ग असतो, तो कर, परीक्षा दे, मग खुशाल काढ. होळीपर्यंत मी थांबतो. त्यानंतर फवारणीवाल्याला बोलवावं लागेल. लोक मला जगू देत नाहीत."

अशी ती वर्गात गेली. वर्गात सतरा जण, सोळा पंचविशीतले आणि सतरावी मनकर्णा. पहिल्या दिवशी एका मुलाने तिला खुर्च्या पुसायला आलेली समजून फडकं दिलं. तिने खुर्ची पुसली आणि तिच्यावरच बसली.

धुराच्या, पोळं कापायच्या आणि राणी ओळखायच्या कामात तिचा कुणी हात धरू शकत नव्हतं. नाकी नऊ आणले ते पुस्तकाने. तोंडी परीक्षा त्याच्यावरच होती. तिचा नवरा छगन भाजीच्या टेम्पोवर ड्रायव्हर. रोज संध्याकाळी टेम्पो दारात लावून तो चष्मा चढवायचा आणि पायरीवर बसून तिला पुस्तक वाचून दाखवायचा.

"मने, सांग. राणीमाशी दिवसाला किती अंडी घालती?"

"घालू दे की तिला. आपल्याला काय बारसं करायचंय?"

"आगं, हितं आकडा दिलाय!"

"तुमी ठिवा ध्यानात. मी माशा बघते, तुमी आकडं बघा."

पण आकडेही तिने पाठ केले. तोंडी परीक्षेत पास झाली, आणि दूध संकलन केंद्रातलं ते प्रत्यक्ष काम झालं त्या दिवसापासून छगनने भाजी मार्केटात सांगायला सुरुवात केली की आपली बायको आता सरकारमान्य माशीवाली झाली. मनकर्णा त्याला गप्प करायची. "आजून न्हाई झाले. पंदरा दिवस जाऊ द्या." ती असं का म्हणते, ते त्याला कळत नव्हतं.

ती रोज मीटरच्या खोलीत डोकावायची. पेटीमागून माश्यांचा बारीक घूं घूं आवाज यायचा. "थांबा जरा," ती म्हणायची, "मी येतेच हाय."

बाराव्या दिवशी पूजा मॅडमचा फोन आला. दूध संकलन केंद्रात माश्या परत आल्या होत्या.

दोघी पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. केंद्रावर कॅन उचलणारा अमृत दारातच फवाऱ्याचा डबा हातात घेऊन उभा होता. खोलीत रॉकेलसारखा वास कोंडला होता आणि दाराखाली फरशीवर माश्यांचा ढीग पडला होता. ढीग फार मोठा नव्हता, सुपात मावला असता. कडेच्या दोन-चार अजून गोल गोल फिरत होत्या.

"मी काय करनार म्याडम?" अमृत आपणहूनच बोलायला लागला. "चार दिस झालं वाट बघत हुतो, जातील म्हनून. काल दूध घालायला आलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्याला डसली. तोंड सुजून एवढं झालं त्याचं. मंग मारल्या."

त्याला दोष कसा द्यायचा? पूजाने नुसती मान हलवली. मग मनकर्णाकडे वळून ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका, मावशी. या दिवसात थवे फुटून निघतात, भोक दिसलं की शिरतात. नवा थवा आला असेल. त्यात तुमची काही चूक नाही. मी तसं लिहिते. परवान्याला अडचण येणार नाही."

तिने पिशवीतून कागद काढलाही होता. मनकर्णा गप्प राहिली असती तर त्याच दिवशी तिचं काम झालं असतं. होळी पाच दिवसांवर होती. मीटरच्या खोलीतल्या माश्या सुखरूप निघाल्या असत्या. कुणाला काही कळायचंही कारण नव्हतं.

मनकर्णाने शिडी ओढून भिंतीला लावली. सात पायऱ्या चढली, भोकात हात घातला आणि विटेच्या मागून तो तुकडा खेचून काढला. जुन्या पिवळट तुकड्याला खाली नवं, पांढरंशुभ्र मेण जोडलेलं होतं. मेलेल्या माश्यांनी चार दिवसांत तेवढं घर वाढवलं होतं. खाली येऊन तिने ते पूजाच्या हातात दिलं.

"ह्ये मी ठिवलं हुतं. तवा खोटं बोलले तुमच्याशी."

पूजा तुकड्याकडे बघत राहिली. "का ठेवलंत, मावशी? वर्गात तीन वेळा सांगितलं होतं मी."

"सांगितलं हुतं. ध्यानात हुतं." मनकर्णाने पदराने हात पुसले. "आमच्याकडं समदं पोळं कदी काडत न्हाईत. तळहाताएवढं ठिवायचं. माशीचा वाटा. बा म्हनायचा, आपुन त्येंचं घर मोडतो, निदान चूल तरी राहू द्यावी. म्हंजी पुढल्या साली त्या तिथंच येत्यात. जो समदं खरवडून नेतो त्येच्या हाताला पुन्यांदा मध लागत न्हाई. मला हात उचलाना, म्याडम. पट्टी लावली हुती मी, पन हातच उचलाना."

"कड्यावर तुमच्या वडिलांचं बरोबरच होतं," पूजा हळूच म्हणाली. "तिथं त्या परत आल्या तर त्यांना हुसकावणारं कोण आहे? पण मेणाचा वास भिंतीत राहिला की दुसरा थवा तोच वास धरून येतो. आणि इथं खाली माणसं असतात."

मनकर्णाने ढिगाकडे पाहिलं. "म्हंजी ह्या माज्यामुळं मेल्या."

नाही म्हणणं पूजाला सोपं होतं, तरी ती म्हणाली नाही, आणि त्याबद्दल मनकर्णाला पुढे कितीतरी दिवस तिचा आदर वाटत राहिला. त्या क्षणी मात्र तिला नुसता राग आला होता. आधी अमृतचा, मग बापाचा, आणि मेलेल्या बापाचा राग आला याची लाज वाटून शेवटी स्वतःचा. कोपऱ्यातला झाडू घेऊन तिने तो ढीग स्वतःच भरला. अमृत "राहू द्या बाई, मी भरतो" म्हणाला, तर तिने त्याच्या हाती झाडू दिला नाही.

जाताना पूजा म्हणाली, "मला नापास लिहावं लागेल."

"लिवा."

"पुढच्या आठवड्यात पुन्हा परीक्षा ठेवते. त्यानंतर परत पंधरा दिवस."

"चालंल," मनकर्णा म्हणाली. होळीचं तिने तिला सांगितलं नाही.

संध्याकाळी छगनने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आगं, मंग बोलायचंच न्हाई! म्याडम सोता म्हनत हुत्या ना, चूक न्हाई म्हनून? एवढी कशी तू येडी?"

"मंग त्या मेल्या त्या कुनाच्या नावावर घालायच्या?"

"माशाच त्या!"

"व्हय, माशाच," मनकर्णा म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. मार्केटात आता काय तोंड दाखवायचं, या विचाराने छगनला जेवण गेलं नाही हे खरं. पण दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात लावून तो पुन्हा पायरीवर बसला, चष्मा चढवला आणि पुस्तकाचं पहिलं पान उघडून मोठ्याने वाचायला लागला.

त्याच दिवशी सकाळी मनकर्णाने जिने झाडून झाल्यावर कवडे सरांची बेल वाजवली. सर पेपर वाचत होते.

"सर, मी नापास झाले."

सरांनी पेपर खाली केला. "कशात?"

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तुकडा, खोटं, सूपभर माश्या, काही म्हणता काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "होळीपातुर माजं काय जमत न्हाई. पाडव्यापातुर थांबा. तवर फवारनीवाल्याला नका बोलवू. मी पाया पडते तुमच्या."

"पाया काय पडतेस? ऊठ, उभी राहा," सर म्हणाले, ती उभीच होती तरी. त्यांनी चष्मा काढून पुसला. "चौतीस वर्षं शाळेत काढली मी. नापास झालेलं पोर कधी आपल्या पायाने येऊन खरं कारण सांगत नाही. पेपर अवघड होता, पेन चाललं नाही, आजी आजारी होती, हेच ऐकलं जन्मभर." मग जरा थांबून, "दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाई रोज माझ्या डोक्यावर बसतात. बघतो त्यांचं काय करायचं ते. पाडव्यापर्यंत थांबतो. पण त्यापुढे एक दिवस नाही, सांगून ठेवतो."

दुसरी परीक्षा वाचनालयाच्या जिन्याखाली झाली. तिथे भिंतीतल्या पोकळीत पाच पोळी होती. मनकर्णाने धूर दिला, थांबली, आवाज ऐकला, पुन्हा धूर दिला. पोळी निघाली, राणी सापडली, माश्या पेटीत गेल्या. तो शेवटचा तळहाताएवढा तुकडा आला आणि तिचा हात परत जागच्या जागी थिजला. पूजा मागे उभी होती. मनकर्णाच्या डोळ्यांपुढे दुधाच्या खोलीतली फरशी आली.

"न्हाई ठिवत रं बा आता," ती पुटपुटली आणि पटाशीला जोर दिला.

मग ती थांबली नाही. मेणाचा शेवटचा डाग जाऊन लाल वीट दिसेपर्यंत तिने भिंत खरवडली, सोड्याच्या पाण्याने दोनदा धुतली, पोकळीत विटांचे तुकडे भरले आणि वरून सिमेंट लिंपलं. सगळं झाल्यावर ती खाली बसली. शेवटचा तो तुकडा तिने बाजूला पानावर काढून ठेवला होता. एका रिकाम्या चौकटीत तो मधोमध धरून दोऱ्याने बांधला आणि पेटीत सगळ्यांच्या कडेला उभा केला.

"एवढासा तुकडा कशाला बांधताय?" पूजाने विचारलं. "त्यात मधही नाही फारसा."

"असू द्या. त्येंचा हाय, त्येंच्यासंगं जाऊ द्या."

परीक्षेच्या कागदावर या कामाला रकाना नव्हता. पूजाने काही लिहिलं नाही आणि काही हरकतही घेतली नाही.

पंधरा दिवस मनकर्णा कामावरून सुटली की वाचनालयाकडे वाट वाकडी करून जायची, जिन्याखाली वाकून बघायची आणि सिमेंटला कान लावायची. वाचनालयातले म्हातारे तिच्याकडे पेपरवरून बघायचे. भिंत गप्प होती. सोळाव्या दिवशी परवाना हातात आला. त्यावर ‘मनकर्णा छगन डगळे’ असं नाव होतं आणि फोटो असा की कुणाशी तरी भांडून नुकतीच आत आलेली. छगनने तो दोन्ही बाजूंनी चार वेळा वाचला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा चष्म्याचा नंबर वाढला म्हणाला.

पाडवा दोन दिवसांवर होता. मनकर्णाने सरांना सांगितलं, "उद्या दुपारी चारला. समद्यांनी खिडक्या लावायच्या. मीटरच्या खोलीत काम हाय, म्हनून लाईट बंद. मी सांगंल तवाच चालू करायची."

"सगळ्या बिल्डिंगची?"

"समद्या बिल्डिंगची."

सरांनी फळ्यावर सूचना लावली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, झाडूवाली सांगणार का आता आपल्याला? सरांनी त्यांना परवान्याची झेरॉक्स दाखवली आणि वर, वाचून झाल्यावर सही करा, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मेन स्विच खाली आला. लिफ्ट थांबली, पंखे थांबले, टीव्ही थांबले. एकामागे एक खिडक्या लागल्याचे आवाज आले आणि मग सुयोग पार्क गप्प झालं. एरवी भांड्यांचे, कुकरचे, पोरांचे आवाज असणाऱ्या त्या पार्किंगमध्ये मनकर्णा एकटी उभी होती, पांढरा झगा आणि जाळीची टोपी घालून. अकरा वर्षांत तिने ही जागा अशी रिकामी कधी पाहिली नव्हती. तिने धूर सोडायचा स्मोकर पेटवला. "आले गं," असं म्हणून ती आत गेली.

साडेपाचला पोळी पेटीत होती. सहाला तिने भिंत धुतली. पेटी तिने खोलीच्या दाराबाहेर, जिथून माश्या जायच्या-यायच्या त्या झरोक्याच्या खाली ठेवली आणि तिचं लहानसं दार उघडं सोडलं. शेजारी बादली पालथी घालून ती बसली. टोपी काढली तेव्हा तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते.

ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. पहिल्या मजल्यावर कुणीतरी खिडकी किलकिली केली. तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "अहो, सात वाजत आले! मॅच सुरू होईल!" दुसऱ्याला मोबाईल चार्ज करायचा होता. कुणाच्या घरी पाहुणे आले होते आणि ते अंधारात चहा पीत होते.

कवडे सर जिन्याला धरून सावकाश खाली आले. पेटीपासून दहा पावलांवर थांबले.

"मनकर्णाबाई, लाईट लावायची का? वरून सगळे विचारतायत. काम झालं ना तुमचं?"

"माजं झालंय, सर. पन सकाळपासनं रानात गेलेल्या आजून यायच्यात. आता लाईट लावली की उजेडाकडं जातील, घरात शिरतील, आन मंग कोनी तरी चप्पल हानंल."

"किती वेळ लागेल?"

"त्येंना दिसतंय तवर त्या येत्यात. मंग मी दार लावते."

सरांनी आकाशाकडे पाहिलं. पश्चिमेला अजून थोडी लाली होती. ते दोन पावलं मागे सरकले, मान वर केली आणि शाळेत प्रार्थनेला लावायचे त्या आवाजात म्हणाले, "कुणी लाईट लावायची नाही! अजून यायच्या आहेत!"

"कोण यायचंय?" वरून कुणीतरी ओरडलं.

"माश्या!"

वर थोडी कुजबुज झाली. मग तिसऱ्या मजल्याने चौथ्याला सांगितलं, चौथ्याने गच्चीवरच्यांना सांगितलं, आणि कुणीतरी हातातल्या मोबाईलची बॅटरीही विझवली. चार मजल्यांच्या त्या इमारतीत एकही दिवा नव्हता. काचांमागे माणसं उभी होती आणि खाली बघत होती.

मनकर्णा बादलीवर बसून होती. अंधूक उजेडात एक माशी आली, पायाला पिवळा पराग लावून, जुन्या झरोक्यापाशी घुटमळली, खाली वळली आणि पेटीच्या दारातून आत गेली. मग दुसरी आली. मग बराच वेळ कुणी आलं नाही. मनकर्णाने दार लावलं नाही. मग आणखी एक आली.